करणे आणि करविणे

मराठी भाषेत 'करणे' या क्रियापदात एक 'वि' घातला की त्याचे 'करविणे' होते. व्याकरणकार त्याला प्रयोजक रूप असे नाव देतो आणि पुढील प्रकरणाकडे वळतो. शिकणे-शिकविणे, खेळणे-खेळविणे, लढणे-लढविणे या जोड्या आपल्या तोंडी इतक्या रुळल्या आहेत की, दुसरी क्रिया ही पहिलीचीच थोडी लांबविलेली आवृत्ती होय, अशी आपली समजूत होऊन बसते. ज्याला खेळता येते त्याला खेळवितानाही येईल, ज्याने आयुष्यभर एखादे काम केले त्याला ते दुसऱ्याकडून करवून घेणे सहज साधेल, असे आपण गृहीत धरतो. आणि घरात, कचेरीत व शाळेत त्याच गृहीतावर आपले व्यवहार चालतात. परंतु ईश्वराला 'कर्ता' म्हणून आपल्या पूर्वजांचे समाधान झाले नाही. त्यांस 'कर्ता करविता' असे दोन शब्द योजावे लागले. ज्या अर्थी सर्वशक्तिमानाच्या ठायीही या दोन शक्ती निराळ्या सांगाव्या लागल्या, त्या अर्थी मनुष्याच्या ठायी त्या एकच असतील असे मानण्याचे कारण नाही.

दोन्ही क्रियांमध्ये नैतिक अंतर किती, हा या लेखाचा प्रश्न आहे. जे आपल्याला आता स्वतः करता येत नाही, ते दुसऱ्याने करावे असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो? ते करवून घेताना दुसऱ्याचे मन आपण कोणत्या उपायांनी हलवावे? आणि जे घडेल त्याचे श्रेय अथवा त्याचा दोष कोणाच्या पदरी पडावा? हे प्रश्न प्रत्येक बापापुढे, प्रत्येक शिक्षकापुढे व निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्रत्येक गृहस्थापुढे केव्हा ना केव्हा उभे राहतात.

या प्रश्नांचा विचार मी फुटबॉलच्या आधाराने करू इच्छितो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण त्यास सबळ कारण आहे. गायकाचा गळा साठीनंतरही साथ देतो. शिष्याचा स्वर चुकला तर गुरूला तो स्वतः लावून दाखविता येतो. वकील, वैद्य, लेखक यांचे करणे आणि करविणे कित्येक वर्षे एकमेकांत मिसळून चालते, आणि त्यामुळे दोहोंतील भेद झाकला जातो. फुटबॉलमध्ये तसे होत नाही. तिशी ओलांडली की पाय उत्तर देऊ लागतात, आणि ज्याने कालपर्यंत चेंडू खेळविला तो मैदानाच्या कडेला चुन्याच्या रेघेबाहेर बसतो. नव्वद मिनिटे त्याला चेंडूस स्पर्श करता येत नाही. करणे संपले आणि केवळ करविणे उरले, ही स्थिती इतक्या उघड्या स्वरूपात अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते.

उदाहरणादाखल मी कै. प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे चरित्र घेतो. बंगालच्या क्रीडाजगतात ते 'पी. के.' या नावाने ओळखले जात. त्यांचा जन्म 1936 साली जलपाईगुडीचा. बालपण जमशेदपुरास गेले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपासच ते संतोष चषकाच्या स्पर्धेत बिहारकडून खेळले. 1954 साली कलकत्त्यास येऊन ते एरियन संघात दाखल झाले, आणि तेथून पूर्व रेल्वेच्या संघात गेले. कलकत्त्याच्या फुटबॉलवर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंग या तीन संघांचे राज्य असे. नामांकित खेळाडू या तिघांपैकी एकाच्या आश्रयास जावयाचा, ही तेथील रीत. पी. के. मात्र रेल्वेतच राहिले, आणि 1958 साली त्या रेल्वेच्या संघाने कलकत्त्याची साखळी स्पर्धा जिंकली. त्या तिघांबाहेरील संघाला तो मान पुन्हा मिळण्यास पुढे 2019 साल उजाडावे लागले, यावरून त्या विजयाचे मोल कळून येईल.

ते उजव्या बगलेवरून खेळणारे आघाडीचे खेळाडू होते. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. याच स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. 1960 साली रोम येथे पी. के. भारताचे कर्णधार होते, आणि फ्रान्सशी झालेल्या बरोबरीच्या सामन्यातील भारताचा एकमेव गोल त्यांचा होता. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा फुटबॉलमधील पहिला मान त्यांनाच मिळाला. 4 सप्टेंबर 1962 रोजी जाकार्ता येथे, प्रतिकूल झालेल्या अफाट प्रेक्षकसमुदायासमोर, भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्यातील पहिला गोल पी. के. यांचा. पुढे दुखापतींनी त्यांस जेरीस आणले, आणि 1967 साली त्यांचे खेळणे थांबले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. म्हणजे करण्याचा काळ पंधरा-सोळा वर्षांचा, आणि पुढे 2020 पर्यंतचे सारे आयुष्य उरलेले.

आता अधिकाराचा प्रश्न घेऊ. ज्याने स्वतः केले त्यालाच करविण्याचा अधिकार, असे मत सर्वसाधारण आहे. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण त्याच मताची तिखट बाजू होय. परंतु जाकार्त्याच्या त्या संघाचा शिक्षक कोण होता हे पाहिले म्हणजे या मताला धक्का बसतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शाळामास्तर होते. खेळाडू म्हणून त्यांचे नाव हिंदुस्थानभर गाजले होते असे नाही. तथापि त्यांच्या हाताखालील हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईच्या कूपरेजवर 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, आणि भारताने आशियाई स्पर्धेत मिळविलेली दोन्ही सुवर्णपदके, 1951 ची दिल्लीची व 1962 ची जाकार्त्याची, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिळाली. तेव्हा, स्वतः उत्कृष्ट करणारा नसतानाही मनुष्य उत्कृष्ट करविणारा होऊ शकतो, एवढे निर्विवाद आहे.

हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद राजसभेत जातो, आणि निवाडा करणारी परिव्राजिका परीक्षा ठरविते ती आचार्यांच्या नृत्याची नव्हे, त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची. अंगी असलेली कला आणि ती दुसऱ्याच्या अंगी उतरविण्याची कला यांचे माप वेगवेगळे घ्यावे लागते, हे तत्त्व त्या प्रसंगात गृहीत धरलेले आहे.

यात एक अडचण अशी की, उत्तम करणाऱ्याला आपण ते कसे करतो हे बहुधा सांगता येत नाही. बगलेवरून धावणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या पावलावर आत वळतो, हे त्याच्या पायाला ठाऊक असते, जिभेला नसते. त्याचे ज्ञान एकसंध असते. ते दुसऱ्याला द्यावयाचे तर आधी त्याचे तुकडे करावे लागतात. ज्याला एखादी गोष्ट कष्टाने साध्य झाली, अथवा झालीच नाही, त्याच्यापाशी हे तुकडे आयतेच असतात. कुशल मनुष्याला मात्र आपल्या कौशल्याची मोडतोड स्वतःच्या हाताने करावी लागते. शिवाय संघात अकरा जण असतात आणि उजव्या बगलेवरचा त्यांत एकच. उरलेल्या दहांना जे शिकवावयाचे ते पी. के. यांनी स्वतः कधी केलेले नव्हते. जो शिक्षक शिष्यामध्ये स्वतःची प्रतिकृती शोधतो, त्याला अकरांपैकी एकच शिष्य दिसेल, आणि तोही बहुधा निराशाच करील. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येते, त्याने करणे सोडलेले नसते. त्याच्या पायांनी ते त्याच्याकडून सोडविलेले असते, इतकेच.

मग स्वतः खेळलेल्या माणसापाशी दुसऱ्यास देण्याजोगे विशेष असे काय उरते? माझ्या मते, साक्ष. लाख माणसे ओरडत असताना पायाला चेंडू लागण्यापूर्वीचा जो क्षण असतो, त्या क्षणाची भीती त्याने भोगलेली असते, आणि ती भोगूनही मनुष्य चेंडू मारू शकतो हे तो स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो. कौशल्य शाळामास्तरही शिकवील. ही साक्ष त्याला दुसऱ्या मार्गाने मिळवावी लागते. पी. के. यांच्या शिक्षकपणाचे जे वैशिष्ट्य सर्वत्र सांगितले जाते, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सामन्यापूर्वी खेळाडूंस उद्देशून ते जे बोलत, त्याला बंगाली वृत्तपत्रांनी 'व्होकल टॉनिक' असे नाव दिले होते. बोलण्याचे औषध! त्या औषधाच्या बळावर थकलेला खेळाडू धावू लागे आणि बुजलेला उभा राहत असे, अशी त्यांची ख्याती होती.

पण येथेच उपायांचा प्रश्न उपस्थित होतो. दुसऱ्याचे मन शब्दांनी तापविणे हा सर्वथा निर्दोष उपाय आहे काय? औषध आणि मद्य यांत पुष्कळदा मात्रेचेच अंतर असते. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णाने शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केली आणि तो केवळ सारथी झाला. त्या अर्थाने तो करविणाराच होता. पण अर्जुनाला त्याने जे सांगितले ते ऐकून अर्जुनाला प्रश्न विचारण्यास, शंका घेण्यास, नाकारण्याससुद्धा पुरेसा अवसर मिळाला होता. रणशिंगाने उठणारा सैनिक आणि संवादाने उठणारा अर्जुन यांत हाच फरक. कलकत्त्यातील पी. के. यांचे प्रतिस्पर्धी अमल दत्त यांची पद्धत याच्या अगदी उलट म्हणून सांगितली जाते. ते स्वतः ईस्ट बंगालचे खेळाडू होते, पुढे इंग्लंडात जाऊन त्यांनी शिक्षकाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि त्यांचा भर फळ्यावरील आकृत्यांवर, जागांच्या गणितावर असे. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. सॉल्ट लेकच्या मैदानावर सुमारे 1,31,000 प्रेक्षक होते. दत्तांच्या मोहन बागानची हिऱ्याच्या आकृतीची रचना त्या हंगामात गाजत होती. पी. के. यांच्या ईस्ट बंगालने तो सामना 4-1 असा जिंकला. त्यांपैकी तीन गोल तरुण भाईचुंग भुतियाचे.

या निकालावरून वाणी श्रेष्ठ आणि गणित कनिष्ठ असा सिद्धांत काढणे पोरकटपणाचे होईल. एका सायंकाळच्या सामन्याने तत्त्वज्ञानातील वाद मिटत नाहीत. माझा मुद्दा वेगळा आहे. बुद्धीला पटवून देणाराही दुसऱ्याला हलवितो आणि भावनेला स्पर्श करणाराही हलवितो. कोणत्या इंद्रियाद्वारे हलविले याला फारसे महत्त्व नाही. कसोटी अशी घ्यावी की, ते शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग थंड पडल्यावर, शिष्याने पुन्हा आठवून पाहिले तर त्याला ते आपलेसे वाटतील की त्यांची लाज वाटेल? जे शब्द मनुष्यातील सुप्त सामर्थ्य त्याच्या नजरेस आणून देतात ते उत्तेजन. जे त्याला स्वतःचा विसर पाडतात ती चिथावणी. जाकार्त्याला साखळी सामन्यात जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. तो मूळचा बचावपटू. रहीमसाहेबांनी त्याला त्याच स्थितीत पुढे आघाडीवर खेळविले, आणि अंतिम सामन्यातील दुसरा गोल त्याने केला. सोन्याचे पदक मिळाले म्हणून आज आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. त्या जखमेचे पुढे काही विपरीत झाले असते तर हीच गोष्ट आपण कोणत्या स्वरात सांगितली असती, याचा विचार करणाऱ्याने करावा. करविणारा दुसऱ्याचे शरीर पणास लावतो. स्वतःचे लावणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

आता दोषाचा प्रश्न. 30 सप्टेंबर 1975 या दिवशी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात पी. के. यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानचा 5-0 असा पराभव केला. शिक्षक या नात्याने त्यांच्या आयुष्यातील हा मोठ्या यशाचा दिवस. मात्र या पराभवाचे दुःख असह्य होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. पुढे 16 ऑगस्ट 1980 रोजी याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांत दंगल व चेंगराचेंगरी होऊन 16 माणसे मृत्युमुखी पडली. फुटबॉल हा त्या शहरात निव्वळ खेळ राहिला नव्हता. घोटी आणि बांगाल, मूळचे रहिवासी आणि पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित, यांच्या मानापमानाचा प्रश्न त्या चेंडूबरोबर गडगडत होता.

या मृत्यूंची जबाबदारी शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल, हे उघड आहे. संघाने उत्तम खेळावे हे त्याचे काम. त्याने ते केले. पण दोष आणि दायित्व यांत भेद केला पाहिजे. दोष कृत्यापुरता मर्यादित असतो. दायित्व ज्या वातावरणात आपण कृत्य करतो त्यालाही स्पर्श करते. करणाऱ्याला आपल्या कृत्याचा परिणाम बहुधा समोर दिसतो: चेंडू जाळ्यात गेला अथवा न गेला. करविणाऱ्याचा शब्द मात्र ज्याला उद्देशून उच्चारला त्याच्यापाशीच थांबत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत अकरा जणांना सांगितलेले 'आज मानाचा प्रश्न आहे' हे वाक्य भिंतीबाहेर जाऊन हजारो तोंडांतून निघते, आणि त्या हजारांपैकी एखाद्याला मानाखेरीज दुसरे काहीच उरलेले नसते. म्हणून ज्याच्या वाणीत सामर्थ्य आहे त्याने 'मी तसे म्हटले नव्हते' एवढ्यावर स्वतःला मोकळे करून घेऊ नये. घराघरांत हेच चालते. परीक्षेत पहिला आलाच पाहिजेस, असे मुलाला सांगणाऱ्या बापाचा हेतू चांगलाच असतो. पण ते वाक्य मुलाच्या मनात रात्री कोणते रूप धारण करते याची चौकशी किती बाप करतात?

निष्ठेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. 1972 पासून 1975 पर्यंत दरवर्षी ईस्ट बंगालला साखळी स्पर्धा जिंकून देणारे पी. के. 1976 साली मोहन बागानचे शिक्षक झाले. 1977 साली त्याच मोहन बागानने शील्ड, रोव्हर्स व ड्युरँड हे तिन्ही चषक एका वर्षात जिंकले, आणि त्याच वर्षी ईडन गार्डन्सवर पेले ज्यात खेळत होता त्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाशी 2-2 अशी बरोबरी केली. ज्या झेंड्याविरुद्ध काल शिष्यांना उभे केले त्याच झेंड्याखाली आज दुसऱ्या शिष्यांना उभे करावयाचे, हे प्रामाणिकपणाला धरून आहे काय? वकिलाचे उदाहरण कोणी देईल. पण वकील न्यायाधीशाचे मन वळवितो, आणि न्यायाधीशाला ठाऊक असते की हा पैसे घेऊन बोलत आहे. शिक्षक स्वतःच्याच माणसांचे मन वळवितो, आणि ती त्याच्यावर विश्वासून असतात. भारत सरकारने 1985 साली क्रीडाशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला तेव्हा त्याला द्रोणाचार्यांचे नाव दिले. ते नाव देताना किती विचार झाला असेल कोण जाणे! द्रोणाचार्य हे अर्जुनाला घडविणारे गुरू खरेच. पण ते हस्तिनापूरच्या अन्नाशी बांधले गेल्यामुळे अखेर अर्जुनासमोरच धनुष्य घेऊन उभे राहिले, आणि एका शिष्याचे श्रेष्ठत्व टिकावे म्हणून दुसऱ्या मुलाचा अंगठा त्यांनी मागून घेतला. करविणाऱ्याच्या हातून घडू शकणारी दोन्ही पापे त्या एका चरित्रात आहेत: अन्नदात्याची निष्ठा विद्येपेक्षा मोठी मानणे, आणि आवडत्या शिष्यासाठी नावडत्याचा बळी देणे.

पी. के. यांच्यावर यांपैकी कोणताही आरोप करण्याचे मला प्रयोजन नाही. उलट, ईस्ट बंगालकडून मोहन बागानकडे आणि पुन्हा ईस्ट बंगालकडे जाणाऱ्या शिक्षकाने, कळत असो वा नकळत, त्या दोन झेंड्यांच्या वैरातील फोलपणा दाखवून दिला, असे म्हणता येईल. दोन्हीकडची मुले सारखीच घाबरतात, दोन्हीकडच्यांना सारखेच शिकवावे लागते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? शिक्षकाची निष्ठा विद्येशी आणि समोर बसलेल्या शिष्याशी असावी. झेंड्याशी ती करारापुरतीच असू शकते. मात्र ज्याची निष्ठा करारापुरती आहे त्याने झेंड्याच्या नावाने शिष्याचे रक्त तापवू नये, एवढे पथ्य त्याने पाळले पाहिजे. शिष्याला त्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या सहकाऱ्यांच्या नावाने, खेळाच्या नावाने हाक मारावी. ती हाक कोणत्याही झेंड्याखाली खोटी पडत नाही.

राहिला श्रेयाचा प्रश्न. पदक खेळणाऱ्याच्या गळ्यात पडते. जाकार्त्याच्या विजयानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. त्यांच्या शिष्यांची नावे ज्यांना पाठ आहेत अशा पुष्कळांना बरीच वर्षे त्यांचे नाव माहीत नव्हते. पी. के. यांची गोष्ट आणखी निराळी. स्वतः खेळून जे सुवर्णपदक त्यांनी मिळविले, ते भारताला पुन्हा मिळालेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. 1970 साली बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळविले, तेव्हा संघाच्या शिक्षकवर्गात ते होते. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे कोणतेही पदक भारताच्या वाट्यास आलेले नाही. म्हणजे पुरुषभर उंचीचे शिखर ज्याने स्वतः गाठले, त्याने पुढे कित्येक तरुणांना त्या वाटेला लावले, आणि कोणीही तेथवर पोहोचले नाही. केवळ फलावरून न्याय करावयाचा तर हे करविणे अयशस्वी झाले असे म्हणावे लागेल.

तसे म्हणण्यास माझे मन धजत नाही, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा विचाराचे आहे. करण्यात यत्न आणि फल यांचे नाते सरळ असते. करविण्यात त्या दोहोंच्या मध्ये दुसरा एक स्वतंत्र मनुष्य उभा असतो, आणि तो स्वतंत्र आहे म्हणूनच त्याला शिकविणे याला अर्थ आहे. यंत्राकडून हवे ते काम खात्रीने करून घेता येते. पण त्याला कोणी शिष्य म्हणत नाही. ज्या क्षणी फलाची हमी मिळते त्या क्षणी करविणे संपते आणि वापरणे सुरू होते. 1987 साली जमशेदपुरास टाटांनी फुटबॉलची प्रबोधिनी स्थापन केली, आणि पुढे 1990 नंतरची काही वर्षे पी. के. तिचे तांत्रिक संचालक होते. ज्या गावात आपले बालपण गेले तेथेच, ज्यांनी अद्याप काहीच जिंकलेले नाही अशा मुलांना चेंडू अडविणे आणि पुढे देणे शिकवीत बसणे, हे त्यांच्या चरित्रातील कमी गाजलेले पर्व आहे. माझ्या दृष्टीने मात्र करविण्याचे शुद्ध रूप तेथे अधिक स्पष्ट दिसते. तेथे लाख प्रेक्षक नव्हते आणि झेंडाही नव्हता; त्या मुलांपैकी कोण पुढे काय करील याची खात्रीही नव्हती.

या सर्व विवेचनाचा आपल्यासारख्या खेळाशी दूरचाच संबंध असलेल्या माणसांना उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. वनात जाण्याची चाल आता राहिली नाही, पण पन्नाशीनंतर करणाऱ्याने हळूहळू करविणारा व्हावे, आणि मग तेही सोडावे, हा त्यातील आशय शिळा झालेला नाही. अडचण येते ती अशी की आपल्यापैकी पुष्कळांना करविणे म्हणजे दुसऱ्याच्या हाताने स्वतःच करणे, असे वाटते. मुलाने निवडलेला व्यवसाय, सुनेने लावलेला संसार, आपल्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने बदललेली कामाची पद्धत, या सर्वांत आपला पाय मध्ये घालून चेंडू आपल्याकडे ओढून घेण्याचा मोह आपणांस आवरत नाही. आणि त्या ओढाओढीला आपण अनुभवाचा सल्ला असे भारदस्त नाव देतो.

फुटबॉलच्या शिक्षकाला या मोहापासून वाचविण्याची सोय खेळाच्या नियमांनीच करून ठेवली आहे. त्याच्यासमोर चुन्याची रेघ असते. ती ओलांडली तर पंच त्याला बाहेर काढतो. त्याला ओरडता येते, हात वारे करता येतात, थकलेल्याच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू पाठविता येतो. पण समोर गोल चुकत असताना धावत जाऊन तो स्वतः मारता येत नाही. ज्याने एके काळी तो सहज मारला असता, त्याला ही शिक्षा किती कठीण वाटत असेल याची कल्पना करावी. तरीही त्या रेघेने त्याचे रक्षणच केलेले असते, कारण चेंडू ज्यांचा आहे त्यांच्यापाशी तो तिच्यामुळेच राहतो. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत अशी रेघ कोणी आखून दिलेली नाही, आणि तेथे पंचही नाही. ती आपली आपणच आखावयाची आहे, आणि तिच्या अलीकडे थांबावयाचेही आपणच आहे.